वीस लिटरचं हवामान

“ओल नक्की कुठून येते?” सेल्समनने विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी बाजूच्या फ्रिजकडे बघितलं.

“हवामानातून,” बाबा म्हणाले.

“गाव कुठलं?”

“लांजा.”

सेल्समन पन्नाशीचा होता. चष्मा गळ्यात दोरीला. त्याने काचेतून बाहेर रस्त्यावर नजर टाकली. रत्नागिरीत एप्रिलचं ऊन असं तापलं होतं की समोरचा कलिंगडवाला स्वतःच्याच हातगाडीखाली जाऊन बसला होता.

“आत्ता? एप्रिलमध्ये?”

“आमच्याकडे बारमाही असतं.”

“तसं नाही काका. भिंत ओली आहे की हवा दमट आहे, ते वेगवेगळं असतं. भिंतीची ओल वरून खाली येतेय की खालून वर चढतेय?”

“मधून,” बाबा म्हणाले.

मला तेव्हाच हसायला यायला हवं होतं. पण मी गंभीर होतो. डीह्युमिडिफायरवरचे एकवीस व्हिडिओ बघून आलेलो मी. हवेतलं पाणी ओढून घेणारं मशीन. लांज्यात तेव्हा ते कुणाकडेच नव्हतं, आणि घरात पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीतलं मला सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

“हा बारा लिटरचा,” सेल्समन म्हणाला. “दिवसाला बारा लिटर काढतो. हा वीसचा.”

“बारा म्हणजे खरे बारा नसतात,” मी म्हणालो. “तीस डिग्री आणि ऐंशी टक्के दमटपणा असेल तेव्हाचे असतात. घरात निम्मेच निघतात.”

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवून मला नीट बघितलं. बाबांनीही बघितलं. बाबांनी माझ्याकडे असं बघितल्याला काही वर्षं झाली होती. बारावीनंतर मी कॉलेज सोडलं आणि मोबाइल रिपेअरिंगला बसलो, तेव्हापासून.

“मग वीसच द्या,” बाबा म्हणाले.

“देतो. पण काका, हे हवेतलं पाणी काढतं. पाइपातलं नाही. गळती असेल तर आधी प्लंबर बोलवा. नाहीतर हे बिचारं जन्मभर पाणीच भरत बसेल.”

“गळती नाही,” बाबा म्हणाले.

“बरं. माझी सासुरवाडी लांज्याचीच आहे. तुम्ही कुठे राहता?”

बाबांनी एकदम पाकीट काढलं आणि बिल करायला सांगितलं. पत्ता दिलाच नाही. मशीन आम्ही एसटीने नेलं, मागच्या सीटवर, मधे बसवून. कंडक्टरने विचारलं तर बाबा म्हणाले, कूलर आहे.

आता खरं काय ते सांगतो. ह्याला आठ वर्षं झाली.

आमची बिल्डिंग सागरदर्शन. समुद्र तीस किलोमीटर लांब. तळमजल्यावर आम्ही मांडवकर, आमच्या डोक्यावर शिगवण. अण्णा शिगवण सोसायटीचे चेअरमन. मशीन आणायच्या अडीच वर्षं आधी अण्णांनी त्यांच्या बाथरूमच्या टाइल्स बदलल्या. गवंडी होता, पण डोकं अण्णांचं. कुठे किती सिमेंट, कुठे किती उतार, सगळं अण्णा स्टूलवर बसून सांगत होते. काम झाल्यावर सगळ्या बिल्डिंगला बाथरूम बघायला बोलावलं होतं. चपला बाहेर काढून.

त्यानंतर दोन महिन्यांत आमच्या हॉलच्या भिंतीवर, छताला लागून, ताटाएवढा डाग पडला. वर कुणी आंघोळ केली की इथे डाग गडद व्हायचा. रविवारी सगळ्यात जास्त. रविवारी शिगवण काकू केस धुवायच्या.

बाबा वर जाऊन सांगणारच होते. एकदा शर्ट घालून दारापर्यंत गेलेही होते. पण नेमकं त्याच आठवड्यात मध्यस्थ आले. ताईसाठी स्थळ घेऊन. स्थळ म्हणजे अण्णांचा महेंद्र.

विनयाताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ग्रामीण रुग्णालयात लॅबला होती. महेंद्रदादा कृषी कार्यालयात. दोघं जिन्यात भेटायचे, बोलायचे, म्हणजे स्थळ कागदोपत्रीच आलं होतं, पसंती आधीच होती. बोलणी सावकाश झाली, पत्रिका इकडून तिकडे फिरल्या, शेवटी तारीख ठरली बारा मे.

आणि आमची भिंत व्याह्यांची झाली.

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. एकतीस वर्षं लांजा स्टँडच्या माइकवर. त्यांचा आवाज ऐकून सुटलेली गाडी परत फलाटाला लागायची. आमदाराच्या भाच्याला रांगेत उभं केलेला माणूस. पण अण्णा खाली आले की बाबांचा आवाज चहाच्या बशीत मावायचा.

“मुलीकडचे आपण,” ते आईला म्हणायचे. “आत्ता भिंतीचं काढलं तर म्हणतील, सोयरीक व्हायच्या आधीच तक्रारी. लग्न पार पडू दे.”

“मग सांगाल?”

“मग तर व्याहीच होतील. मग कसं सांगणार?”

आई कुकर लावायला उठली.

एकदा अण्णांनी स्वतःच डाग बघितला. मान वर करून, हात पाठीमागे बांधून, बराच वेळ. आम्ही चौघं श्वास रोखून उभे.

“दत्ताराम,” अण्णा म्हणाले, “तळमजल्याला हा त्रास असतोच. जमिनीतली ओल वर चढते.”

डाग छतापासून सुरू होऊन कपाटाच्या मागे संपत होता. फरशीपासून चार फूट भिंत ठणठणीत कोरडी होती. म्हणजे ओल जमिनीतून निघून, चार फूट भिंतीला हात न लावता, थेट वर जाऊन बसली होती.

“हो ना,” बाबा म्हणाले. “चढते.”

लग्नाआधी घराला रंग काढायचा होता. राजन पेंटर आला, भिंतीवर नख मारलं, पोपडा हातात आला. म्हणाला, “वरून बंद करा, मग मी हात लावतो.” बाबा म्हणाले, वरचं सोडून बोल. तो म्हणाला, मग सुकवून द्या. कसं ते तुम्ही बघा.

इथे मी पुढे आलो. मोबाइल काढून सगळ्यांना व्हिडिओ दाखवला. परदेशातल्या कुठल्यातरी तळघरात एक बाई मशीन लावते आणि आठ दिवसांत हसायला लागते. बाबांना ते फार आवडलं. मशीन आवडलं असं नाही. त्यात कुणाला काही सांगावं लागत नव्हतं, ते आवडलं.

ताई तेवढी म्हणाली, “मीच सांगते ना महेंद्रला. एक मिनिटाचं काम आहे.”

“एक शब्द नाही,” बाबा म्हणाले. “बारा मेपर्यंत ह्या घरात ओल हा शब्द नको.”

ती भाजी निवडायला बसली.

तर मशीन आलं. पांढरं, गुडघ्यापेक्षा थोडं उंच, खाली चाकं, वर आकडा. पहिल्या दिवशी आकडा ८१. मी सगळ्यांना बसवून समजावलं. दारं-खिडक्या बंद ठेवायच्या. ओले कपडे आत वाळत घालायचे नाहीत. टाकी भरली की शिट्टी वाजते, मग ओतायची. बाबा मान डोलवत होते. आईने मशीनला कुंकू लावलं.

दोन दिवसांत आकडा ६८. तिसऱ्या दिवशी अण्णा आले.

“काय रे हे, सगळं बंद करून बसलाय? घर कोंदटतं. म्हणून ओल धरते. खिडक्या उघडा.”

बाबांनी स्वतः उठून तिन्ही खिडक्या उघडल्या. अण्णा गेल्यावर मी लावायला गेलो तर म्हणाले, “राहू दे. वर जाताना जिन्यातून दिसतात त्यांना.”

मग त्या खिडक्या रोज उघड्या राहिल्या. मशीन अख्ख्या लांज्याची हवा सुकवत बसलं. रात्रंदिवस घरघर. मी बाबांना सांगितलं की असं चालत नाही. ते म्हणाले, “म्हणून तर वीस लिटरचं घेतलं.”

टाकीतल्या पाण्याचं काय करायचं, हा दुसरा प्रश्न. मी म्हटलं, झाडांना घाल.

“तुळशीला?” आई म्हणाली. “वरच्यांच्या आंघोळीचं?”

घरात हे कुणीतरी पहिल्यांदा मोठ्याने बोललं होतं. बाबांनी पेपर उभा धरला. आई टाकी पदराखाली झाकून मागच्या बाजूला न्यायची, वर गॅलरीत काकू नाहीत ना बघायची, आणि केळीच्या बुंध्यात ओतायची. आमच्या लग्नघरात चोरून कुठली गोष्ट होत असेल तर ही.

काकूंनीही एकदा मशीन बघितलं. मुहूर्ताच्या हळकुंडांचं बोलायला आल्या होत्या.

“हे काय नवीन?”

“हवा शुद्ध करतं,” बाबा म्हणाले.

“अगो बाई. आमच्याकडे असलं काही लागत नाही हो. आमचं घर एकदम कोरडं.”

ते खरंच होतं. त्यांचं सगळं पाणी आमच्याकडे होतं.

आता माझं. मला सगळं कळत होतं. महेंद्रदादाचा मोबाइल एप्रिलच्या शेवटी बिघडला, चार्जिंगची पिन. तो माझ्या टेबलासमोर दोन तास बसला होता. गप्पा मारत होता. घरी सगळं बरं ना, म्हणून विचारलंही. मी म्हणालो, मस्त. तेवढ्या वेळात मी सांगू शकलो असतो. पण मला वाटलं, गळती बंद झाली तर मशीनचं काय. रोज संध्याकाळी बाबा मला विचारायचे, सिदू, आज किती आकडा. मी सांगायचो, आणि ते म्हणायचे, चांगलंय. बारावीच्या रिझल्टलाही ते चांगलंय म्हणाले नव्हते.

मे उजाडला. वरच्या पंपाची मोटर जळली म्हणून चार दिवस शिगवणांकडे आंघोळी बेताच्या होत होत्या. भिंत सुकली. म्हणजे वरवर. बाबांनी लगेच राजन पेंटरला बोलावलं. त्याने पांढराशुभ्र डिस्टेंपर मारला आणि जाताना मला म्हणाला, “फोटो काढायचे ते लवकर काढून घ्या.”

अकरा तारखेला संध्याकाळी हळद.

आमच्याकडे नवऱ्याला आधी हळद लागते. त्यातली उरलेली, उष्टी हळद, वरातीने नवरीकडे येते. मग ती नवरीला लावतात. आता नवरा वरच्या मजल्यावर, नवरी खालच्या. मधे अठरा पायऱ्या. तसं ताट घेऊन बाई अर्ध्या मिनिटात खाली आली असती. पण अण्णा म्हणाले, मुलाचं लग्न एकदाच होतं, हळद बेंजोवर नाचत गेली पाहिजे. त्यामुळे उष्टी हळद जिना उतरून गेटबाहेर गेली, नाक्यापर्यंत गेली, तिथून वळून बिल्डिंगला दोन फेऱ्या घालायला लागली. पुढे बेंजो, मधे काकू ताट घेऊन, मागे अण्णा फेटा बांधून.

आणि वर महेंद्रदादा आंघोळीला गेला. त्याच्यानंतर त्याचे मामेभाऊ, त्यांनाही फासली होती. मग ऑफिसातले दोघं. बादल्यांवर बादल्या.

आमच्याकडे हॉल भरलेला. ताई पाटावर, हिरव्या साडीत. बायका गाणी म्हणत होत्या. मशीनवर आईने टेबलक्लॉथ टाकून वर समई ठेवली होती. क्लॉथच्या फटीतून आकडा दिसत होता, ५८. तोवरचा सगळ्यात कमी. मी बाबांना खुणेने दाखवला. त्यांनी मान डोलवली.

तेवढ्यात आई हळूच म्हणाली, “अहो.”

छताच्या कडेला पिवळं काहीतरी आलं होतं. आधी मला वाटलं लाइटिंगचा उजेड. मग त्याला शेपूट फुटलं. पांढऱ्याशुभ्र भिंतीवरून एक पिवळी रेघ सावकाश खाली निघाली. मग तिच्या शेजारी दुसरी. मग तिसरी, जरा जाड.

बाबा उठले. काही न बोलता भिंतीपाशी गेले आणि पाठ टेकून उभे राहिले. हात दोन्ही बाजूंना पसरून. लग्नाचा पांढरा झब्बा होता अंगात.

“बसा ना मांडवकर,” कुणीतरी म्हणालं.

“इथे बरं वाटतं,” बाबा म्हणाले.

बायकांचं गाणं एकेक आवाजाने कमी झालं. सगळ्यांच्या नजरा बाबांच्या डोक्याच्या वर. ओघळ त्यांच्या टकलापर्यंत आला, तिथे थांबला, आणि कानामागून खाली उतरला.

बाहेर बेंजोची दुसरी फेरी संपली. काकू दारात आल्या, घामाघूम, हातात ताट. मागून अण्णा. आता व्याही दारात आल्यावर मुलीच्या बापाने पुढे व्हायला हवं. बाबांना सवयच ती. ते पुढे आले, वाकून नमस्कार केला, आणि अख्ख्या हॉलने त्यांची पाठ बघितली. मानेपासून कमरेपर्यंत पिवळी. मागे भिंतीवर त्यांच्या आकाराची जागा तेवढी पांढरी, आजूबाजूने ओघळ.

बेंजोवाल्यांना माहीत नव्हतं, ते वाजवत राहिले.

काकूंनी ताट पुढे केलं. “विनया, ही घे गो, महेंद्रची उष्टी हळद.”

ताई पाटावरून उठली. भिंतीजवळ गेली. ओघळाला बोट लावलं आणि ते बोट स्वतःच्या गालाला लावलं.

“पोचली काकू,” ती म्हणाली. “तुमच्या आधी पोचली.”

अण्णा छताकडे बघत होते. “जमिनीतली ओल,” ते म्हणाले, “चढते तेव्हा…”

“काय रे अण्णा,” त्यांचीच मोठी बहीण मागून म्हणाली, सत्तरीची, साखरप्याहून आलेली, “हळद पण जमिनीतून चढली काय?”

पहिलं हसू तिकडच्याच बायकांनी सोडलं. मग सगळा हॉल. काकूंना कळेना हसावं की ताट खाली ठेवावं.

गोंधळ ऐकून महेंद्रदादा खाली आला. हळद लागलेल्या नवऱ्याने नवरीच्या घरी यायचं नसतं, दोन बायका त्याला अडवायलाही धावल्या. तो टॉवेल खांद्यावर घेऊन तसाच आत आला. कानाच्या पाळ्या अजून पिवळ्या. भिंत बघितली. छत बघितलं. मग डोळ्यांनीच वरच्या बाथरूमचा हिशोब लावला.

“हे कधीपासून?”

बाबांनी तोंड उघडलं. “हवामान जरा…”

“बाबा,” ताई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. “उद्या मी वर राहायला जाणार. तिथे काही गळलं, काही दुखलं, काही खुपलं, तर मी सांगायचं की मशीन आणून ठेवायचं, ते आत्ता ठरू दे. तुम्ही नाही सांगितलंत तर मीही सांगणार नाही. मग मला विचारू नका, बरी आहेस ना.”

बाहेर बेंजो थांबला होता.

बाबांच्या कानामागून हळद गळत होती. मग त्यांनी घसा खाकरला. आणि जो आवाज निघाला तो मी पाच वर्षं ऐकला नव्हता. रिटायर झाल्यापासून. स्टँडचा आवाज.

“वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून सुटलेलं पाणी,” बाबा म्हणाले, “गेली अडीच वर्षं आमच्या हॉलच्या भिंतीवर येतं. रोज सकाळी साडेसात, आठ आणि सव्वाआठ. रविवारी जादा. संबंधितांनी नोंद घ्यावी.”

गेटपर्यंत ऐकू गेलं. एक बेंजोवाला दारातून डोकावला.

“टाइल्स ओरिजिनल आहेत,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, गप्प बसा,” महेंद्रदादा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “सिदू, तू दोन तास माझ्यासमोर बसला होतास.”

मी मशीनकडे बघितलं. क्लॉथखाली टाकी भरल्याची शिट्टी वाजायला लागली होती. मी जाऊन प्लग काढला. तेवढंच सुचलं.

गालावरचं ते एक बोट सोडलं तर ताईला हळद ताटातलीच लागली. काकूंनीच लावली. महेंद्रदादाने वर जाऊन बाथरूमला कुलूप घातलं, किल्ली ताईकडे पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी, लग्नाच्या सकाळी, नवऱ्याकडची तेवीस माणसं आंघोळीला आमच्याकडे आली. टॉवेल घेऊन, रांगेत. बाबांनी रांग लावली. मधे घुसायला बघणाऱ्या एका मामाला त्यांनी नाव घेऊन मागे पाठवलं.

लग्नानंतर आठ दिवसांत बाथरूम फोडलं. खालचा पाइप आणि फरशी ह्यांच्यात हात जाईल एवढी फट होती. भिंत सुकायला मात्र दिवाळी उजाडली. खिडक्या बंद ठेवल्या तेव्हा मशीनने खरंच काम केलं, हे मी आजही सगळ्यांना सांगतो. कुणी ऐकत नाही. आता मी तेच विकतो आणि दुरुस्त करतो, स्टँडसमोर दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की पहिलं विचारतो, वर कोण राहतं.

ताई वर सुखात आहे. म्हणजे ती भांडते, हसते, परत भांडते. सासऱ्यांना तोंडावर सांगते की अण्णा, कमोडला पाणी टाका, मीठ कमी खा, चेअरमनपद सोडा. अण्णांनी तिन्ही गोष्टी केल्या, कुरकुरत.

मागच्या महिन्यात ते खाली येऊन बसले. चहा घेतला. बशी खाली ठेवली. इकडे तिकडे बघून म्हणाले, “दत्ताराम, बोलू नये, पण तुझी मुलगी फार स्पष्ट बोलते रे. मला वाटलं, पाच-सहा वर्षांत कमी होईल.”

बाबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. भिंतीकडे बघितलं, मग अण्णांकडे.

“आमच्याकडचं हवामान आहे, अण्णा,” ते म्हणाले. “बारमाही असतं.”